भाजणीची कॅसेट

"तुझ्या आईचा आवाज बसलाय," बाबा म्हणाले.

आई जाऊन पाव शतक उलटून गेलं होतं. मी चहा गाळत होते, ती गाळणी हातात धरून तशीच उभी राहिले. म्हातारपणी माणसांचं काय होतं ते आमच्या गल्लीत मी पाहिलेलं आहे. पण बाबा शुद्धीवर होते. बाहेरच्या खोलीतल्या लाकडी स्पीकरकडे बोट दाखवून म्हणाले, "तोंडाला फडकं बांधून बोलल्यासारखी येतेय. ऐक तू."

आईचा आवाज म्हणजे आमच्याकडे एक कॅसेट. ताई लग्न होऊन इंदूरला गेली, आणि पहिल्या दिवाळीला तिला चकलीची भाजणी विचारायची होती. तेव्हा एसटीडी बूथवर काचेआडचा आकडा पळताना बघून माणूस निम्मं बोलणं गिळायचा. म्हणून बाबांनी युक्ती काढली. आईला टेपसमोर बसवलं आणि भाजणी सांगायला लावली. दोन कॅसेटचा डेक होता, एक प्रत इंदूरला गेली, मूळ घरी राहिली. त्यानंतर दुसऱ्या दिवाळीच्या आतच आई गेली. ताईची प्रत तिच्या टेपने कधीच चावून टाकली. लग्नात व्हिडिओ काढला होता, पण त्यात आई कुठेच बोलत नाही, नुसती वाढताना दिसते. तेव्हा जगात तिचा आवाज उरला तो एवढाच, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे आणि जिरे.

बाबा ती कॅसेट रोज सकाळी ऐकायचे. अंघोळ, पूजा, भाजणी, मग पेपर. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला चमत्कारिक वाटायचं. मला नाही. सकाळी आठच्या बसने मी नागापूरला एमआयडीसीत जाते, कंट्रोल पॅनेलचं वायरिंग तपासण्याचं काम करते. डबा भरताना कानावर "डाळ भाजताना हात थांबवायचा नाही" हे वाक्य पडलं नाही तर माझा दिवस सुरू व्हायचा नाही. लग्न मी केलं नाही. त्याची कारणं इथे नकोत. नगरला सावेडीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि ती कॅसेट असे राहत होतो.

बाबांच्या कानांबद्दल सांगायला हवं. ते कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार तोंडातल्या तोंडात काय पुटपुटला, वकील खाली मान घालून काय म्हणाला, ते सगळं टिपण्यात त्यांचा जन्म गेला. आता गुडघे गेले, दात गेले, पण कान तिखट ते तिखटच. मी स्वयंपाकघरात पुटपुटलेली शिवी त्यांना बाहेर ऐकू येते. त्यामुळे आवाज बसलाय म्हणाले तर तो बसलेलाच असणार.

आणि आणखी एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आई अचानक गेली, असं आमच्या घरी मानलेलं होतं. एका सकाळी दम लागला, संध्याकाळपर्यंत दवाखान्यात, आणि दुसऱ्या दिवशी संपलं. हृदयाची झडप खराब झालेली होती. डॉक्टर बाबांना म्हणाले होते, "फार दिवस अंगावर काढलेलं दिसतंय." त्यावर बाबा त्यांच्यावर चिडले होते. "छे हो, परवापर्यंत ठणठणीत होती. मी काय आंधळा आहे?" हे 'अचानक' त्यांनी पुढची सगळी वर्षं जपलं. कुणी विषय काढला की आधी तो शब्द यायचा. अचानक आलं तर कुणाचा काही इलाज नसतो. त्या एका शब्दावर माझे वडील एवढी वर्षं जेवले आणि झोपले.

तर, स्पीकर. भिंगारच्या कॅम्पातला कुणी फौजी अधिकारी बदली होऊन निघाला होता, त्याच्याकडून बाबांनी ते घेतले होते. विलायती, सागवानी रंगाची दोन खोकी, प्रत्येकात खाली मोठा स्पीकर आणि वर एक बशीएवढा लहान. घरात सोफा नव्हता तेव्हा हे आले. आईने महिनाभर अबोला धरला होता म्हणतात, आणि मग स्वतःच त्यावर क्रोशाचे रुमाल घातले.

कंपनीत माझ्या शेजारी बसणारी पाथर्डीकडची बाई आहे. तिचे आईवडील अजून ऊसतोडीला जातात, ती मात्र हट्टाने शिकली. तिला सांगितलं तर म्हणाली, "कशाला त्या खोक्यांच्या नादी लागता, ताई? मोबाईलवर घ्या की उतरवून. लई सोपं हाय." मी ते आधीच केलेलं होतं. बाबांनी मोबाईल कानाला लावून ऐकलं आणि परत दिला. "डबीत बसून बोलतेय," म्हणाले. पाथर्डीची बाई हसली. "मंग ऱ्हाऊ द्या हाय तसं. म्हाताऱ्या मानसाला त्येवढंच हुतं आन् त्येवढंच हाय." मला तेव्हा तिचा रागच आला होता.

रविवारी मी स्पीकरची पाठ उघडली. आत कापसासारखी भरती होती, ती काढली की तळाशी एक छोटी फळी दिसते. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. काम साधं आहे, चाळणीचं. गाण्यातला जाडाभरडा आवाज मोठ्या स्पीकरकडे पाठवायचा, बारीक आवाज लहानाकडे. तांब्याच्या तारेचं वेटोळं जाडाला वाट देतं, कपॅसिटर बारकाला. वेटोळं शंभर वर्षं टिकेल, पण त्या काळचे कपॅसिटर आतून ओले असत, आणि ओलं ते कधी ना कधी सुकतंच. मीटर लावला. दोन्हीकडचे पार सुकलेले. वरच्या लहान स्पीकरला मिळत होतं ते जेमतेम पुसटसं. बाबांचं निदान शंभर टक्के खरं होतं. आईच्या बोलण्यातले स, श, च वरच्यावर गळून जात होते, आणि चकलीच्या जागी 'कली' ऐकू येत होती.

मला, खरं सांगते, आनंद झाला. किती वर्षांनी असं काही समोर आलं होतं की जे बिघडलंय, का बिघडलंय ते कळतंय आणि ते मला दुरुस्त करता येतंय! बाबांचे गुडघे मला दुरुस्त करता येत नव्हते.

नगरच्या दुकानात मागितलं तर पंख्याचे कपॅसिटर पुढे केले. मग इंटरनेटवर शोधलं. तिथे जुन्या स्पीकरवर जीव टाकणाऱ्या पुरुषांची एक वेगळीच जमात आहे. एक कपॅसिटर बदलला तर आवाज रेशमी झाला, दुसरा बदलला तर गायिका दोन पावलं पुढे आली, असं ते डोळे मिटून सांगतात. मी एकटीच बसून हसले. पण त्यातले काही जण कामाचं बोलत होते. ओल्या जातीचे पुन्हा घालू नका, फिल्मचे घाला, ते सुकत नाहीत. मात्र फिल्मचे जरा जास्तच मोकळे असतात, स्पीकर नवा असताना होता त्याहूनही बारीक आवाज उघडा पडतो, हवं तर जोडीला छोटा रेझिस्टर टाकून तो आवरा. मी म्हटलं, आवरायचा कशाला? होऊ दे उघडा. असं मी म्हटलं होतं.

कुरिअरने आले ते अंगठ्याएवढे जाड, पिवळे. जुन्या फळीवर मावेनात. भोकं पाडून, पट्ट्यांनी बांधून बसवले. पांढरे रेझिस्टरही बदलले, जुन्या जोडांवर नवं कथील दिलं. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते आणि तिसऱ्या माणसाला सांगावं तसं स्वतःलाच सांगत होते, "हात चांगला आहे हिचा. आईसारखा." असलं कौतुक त्यांनी माझं कधी केलेलं नाही. मी वर बघितलं नाही, न जाणो थांबतील म्हणून.

सगळं बंद करून, भरती परत घालून, क्रोशाचे रुमाल पुन्हा टाकून कॅसेट लावली.

पहिल्यांदा टेपची सरसर आली. ती आम्ही कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. मग मागच्या अंगणात चिमण्या आहेत हे कळलं. त्या सकाळी चिमण्या होत्या! मग आई बोलली. "हं. तर तांदूळ आधी धुवून घ्यायचे, आणि सावलीत वाळवायचे. उन्हात नाही." तिचा 'स' ऐकला आणि माझे डोळे भरून आले. समोर बसली होती अगदी. बाबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ते हसत होते. दात नसलेलं, मोकळं हसू. ते एक मिनिट माझं आहे. पुढे काय झालं तरी ते माझंच आहे.

त्या कॅसेटमध्ये एक जागा आहे. आमच्या घरचा विनोदच तो. हरभऱ्याची डाळ झाली, उडीद झाला, आणि मग आई थांबते. बराच वेळ थांबते. त्यावर बाबांचा तेव्हाचा आवाज येतो, "अगं बोल की, टेप फिरतेय. विसरलीस वाटतं?" आणि आई हसून म्हणते, "विसरले बाई." मग पुढे धणे. जन्मभर भाजणी करणारी बाई टेप लावली की भाजणी विसरते, हे बाबांनी किती लोकांना सांगितलं असेल! आईही तेव्हा हसायची. घरात कुणी काही विसरलं की आम्ही अजून म्हणतो, भाजणी झाली का?

ती जागा आली. आणि त्या शांततेत आता काहीतरी होतं.

आधी मला वाटलं टेपच खरखरतेय. मग कळलं. ती श्वास घेत होती. घेत नव्हती, ओढत होती. तोंड उघडं ठेवून, मध्ये तुटून, पुन्हा ओढून, आणि प्रत्येक ओढीच्या शेवटी एक बारीक शीळ. डब्याच्या झाकणाचा आवाज झाला, बहुधा तिने हात टेकला असावा. पुन्हा ओढला. मग बाबांचा आवाज, टेप फिरतेय. त्यानंतर तिने एक श्वास घेतला तो दाबून, नाकाने, ऐकू जाऊ नये असा. आणि हसली. "विसरले बाई."

ती काही विसरली नव्हती. खुर्चीवर बसून नुसतं बोलताना तिला धाप लागली होती, आणि दुसऱ्या खुर्चीवर तिचा नवरा होता, ज्याच्या कानांची कोर्टात ख्याती होती. सुकल्या कपॅसिटरांनी ती धाप पुसली म्हणावं, तर स्पीकर जुने झाले ते नंतर. तेव्हा ती हाताच्या अंतरावर होती. पण स्टेनोला बोललेलं टिपायचं असतं. थांबलेलं टिपायचं नसतं.

बाबा म्हणाले, "मागे घे."

मी मागे घेतली. त्यांनी ऐकलं. पुन्हा म्हणाले, "मागे घे." तिसऱ्यांदा मी नाही म्हटलं.

"बाबा, हे नवे कपॅसिटर जरा फाजीलच मोकळे असतात," मी म्हणाले. "बारीक आवाज खऱ्यापेक्षा जास्त येतो. सगळीकडे लिहिलंय तसं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. साक्षीदाराकडे बघावं तसं. "जास्त येतो, म्हणजे नसलेला येतो का?"

"नाही."

"मग?"

कॅसेट तशीच फिरत होती, आई जिऱ्याबद्दल सांगत होती, आणि आमच्यापैकी कुणी उठून ती बंद करेना.

दुसऱ्या दिवसापासून अंघोळ, पूजा, पेपर. भाजणी नाही. पण जेवताना बाबा मध्येच सुरू व्हायचे. चांदबिबीच्या महालावर गेलो होतो ते आठवतं? सगळे चढले आणि ती खाली थांबली. "तुम्ही जा, मी डबे सांभाळते." डबे कोण नेणार होतं तिथे? सिलिंडर आला की मधल्या दारापर्यंत ढकलून, मग तिथेच बसून रांगोळीचा डबा आवरायची. रांगोळीचा डबा रोज आवरतात का? रात्री दोन उशा लागायच्या तिला. मी म्हणायचो, राणीसाहेबांना दोन उशा. असं एक एक काढायचे आणि ताटात ठेवल्यासारखं माझ्यासमोर ठेवायचे. मी काय करायचं होतं त्याचं? डोक्यात सगळं लख्ख असणं हा एवढा मोठा शाप असतो हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या गल्लीतल्या ज्या म्हाताऱ्यांना मुलंसुद्धा ओळखू येत नाहीत, त्यांचा मला हेवा वाटायला लागला.

ताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या चकल्यांसाठी बसवलं होतं तिला तसं." मी म्हटलं, असं काय बोलतेस! तर म्हणाली, "तू तरी कशाला उकरायला गेलीस? ऐकू येत नव्हतं तर बरं होतं." आणि रडत फोन ठेवला. दोघी बहिणींत त्यानंतर हा विषय नाही. फोन पूर्वी आठवड्याला असायचा, आता सणासुदीला असतो.

बाबा खंगत चालले. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, सगळं वयाच्या मानाने उत्तम निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय, आजोबा?" ते म्हणाले, "काही नाही." आणि बाहेर आल्यावर रिक्षात बसता बसता मला म्हणाले, "तीही असंच म्हणायची."

मला राग येतो, तो कुणाचा ते मात्र कळत नाही. आईचा येतो. का अंगावर काढलंस? एकदा टेपसमोर म्हणायचं होतंस, अहो, मला धाप लागते. एवढंच वाक्य. विसरले बाई म्हणायला जेवढा श्वास लागला तेवढ्यात ते झालं असतं. मग आठवतं, तेव्हा आमच्याकडे ताईच्या लग्नाची दमछाक नुकती संपलेली, माझं आयटीआय चालू, आणि घरातल्या बाईने आजारी पडणं म्हणजे इतर सगळ्यांचा खोळंबा. तिने आम्हाला खोळंबू दिलं नाही. या मायेचं मी काय करू? ही माया नसती तर बरं झालं असतं असं मला वाटतं, आणि असं वाटणारी मुलगी कसली, असंही वाटतं.

असे काही महिने गेले. मग एका सकाळी बाबा म्हणाले, "होतं तसं कर."

"काय?"

"ते पिवळे काढ. जुने घाल. ठेवलेस का फेकलेस?"

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात होते. फेकवले नव्हते. मी सांगून बघितलं की मेलेले कपॅसिटर परत घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, कुणीही हसेल. ते म्हणाले, "हसू दे." मग मी रविवारी पाठ उघडली. चांगले, कधी न सुकणारे पिवळे कपॅसिटर काढले आणि त्यांच्या जागी ते सुकलेले जोडले. आयुष्यात जाणूनबुजून केलेलं माझं हे एकमेव वाईट काम. जोड मात्र नीट दिले. हाताला वाईट जोड देता येत नाही.

कॅसेट लावली. सरसर गेली, चिमण्या गेल्या. आई पुन्हा फडक्याआडून बोलायला लागली, तांदूळ सावलीत वाळवा म्हणाली. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, जमलं. चुकून झाकण उघडलं होतं, ते लावलं. हरभऱ्याची डाळ झाली. उडीद झाला.

ती थांबली. स्पीकरमधून आता काही म्हणजे काही येत नव्हतं, जुन्या दिवसांसारखी स्वच्छ शांतता होती. आणि त्या शांततेत बाबांनी हात पुढे केला, समोर कुणी उभं असावं तसा, आणि हळू आवाजात म्हणाले, "बस गं जरा. टेक इथे. कसली घाई आहे."

आता रोज सकाळी म्हणतात. त्या जागी, रोज. मी डबा भरत असते. ती काही टेकत नाही. धणे किती घ्यायचे ते सांगत पुढे जाते.